पाहुण्याचं रडणं, घरच्याचं रडणं

मालसुन रडायला लागली की अख्खी टॉकीज रडायची. हेवॉन टॉकीजचा मालक यॉमशेठ उघड सांगायचा, "पिक्चर कसाही असू दे, मालसुनबाई तिसऱ्या रांगेत बसल्या की माझं काम झालं." डाव्या हाताचा खांब, त्याला लागून खुर्ची. तिकीट नाही. बदल्यात तिनं एकच करायचं. पडद्यावर आई पोराला सोडून निघाली, की पहिला हुंदका तिनं द्यायचा. पुढचं आपोआप व्हायचं. एक कोंबडा आरवला की गावातले सगळे आरवतात, तसं.

गालमेपो गावच्या बाया रोज भरती-ओहोटी बघून खाडीत उतरायच्या. एक गुडघा फळीवर टेकवायचा, दुसऱ्या पायानं चिखल रेटायचा आणि घसरत घसरत शिंपल्या काढायच्या. बुधवारी मात्र हात धुऊन, रबरी चपला घासून दुपारच्या खेळाला टॉकीजमध्ये. येताना प्रत्येकीच्या बाहीत दोन रुमाल. रडायलाच आलेल्या असायच्या, पण पहिली कोण रडणार, याची लाज. ती लाज मालसुन मोडायची, म्हणून तिला मान होता.

हे तिच्या रक्तातच होतं म्हणा ना. तिच्या आजीचा तो धंदा होता. मोठ्या घरात कुणी मेलं की आजीला बोलावणं यायचं, दोन दिवस रडायला. आजीनं नातीला एक नियम पक्का शिकवला होता. मयताला रडायच्या दोन तऱ्हा. घरचं माणूस, म्हणजे बायको, मुलगा, लेक, ते "आयगो, आयगो" करून रडतात. पाहुण्यानं "ऑई, ऑई" करायचं. आयगोला तोंड आऽ करून उघडतं, आवाज पोटातून येतो. ऑईला ओठ गोल, आवाज गळ्याच्या वरचा.

"पाहुणी असून आयगो केलंस," आजी म्हणायची, "तर लोक विचारतात, का गं बाई, मेलेल्याशी तुझं काय नातं होतं?"

मालसुनचा नवरा प्यो होड्या दुरुस्त करायचा. बोलायला तिखट, रडायला दगड. स्वतःची आई गेली तेव्हा यानं आयगो केलं ते वही वाचल्यासारखं. पिक्चरला कधी आला नाही. मालसुन बुधवारी सुजलेले डोळे घेऊन घरी आली की विचारायचा, "काय गं, आज किती बादल्या?"

"तुम्हाला काय कळतंय?"

"खोट्या बाईच्या खोट्या दुःखाला खरं पाणी घालतेस. खाडीत काय कमी आहे पाणी?"

असं त्यांचं बावीस वर्षं चाललं होतं. लेक क्युंगा राजधानीत कारखान्यात लागलेली. ही दोघंच घरात, आणि बरं चाललं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या वसंतात प्यो आत गेला. कारण म्हणाल तर एक वाक्य. गुत्त्यात बसून तांदळाच्या दारूचा तिसरा वाडगा संपवला आणि समोरच्या भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचा फोटो होता, त्याला हात जोडून म्हणाला, "साहेब, सतरा वर्षं झाली बसून. एकदा उठा की. त्या खुर्चीला तरी विचारा, तिला कसं वाटतंय." सगळा गुत्ता हसला. हसणाऱ्यांपैकीच कुणीतरी जाऊन सांगितलं. तेव्हा कायदाच तसा होता. साहेबांबद्दल वावगं बोललं की आत. दोन वर्षांची शिक्षा झाली.

नवरा आत गेल्यावर मालसुन घरी एकदाही रडली नाही. एकटीचा भात, एकटीची किमची, डोळे कोरडे ठणठणीत. पण बुधवारी टॉकीजमध्ये बसली की असा पूर यायचा की यॉमशेठ दारातून बघून खूश. शेजारची ओकबुन, तिच्याबरोबर फळीवर जाणारी तिची मैत्रीण, एकदा म्हणाली, "अगं, पडद्यावरच्या बाईचं पोर हरवलंय, तुझा नवरा हरवलाय. तू रडतेस कुणाचं?"

"रडताना कुठं कळतं?" मालसुन म्हणाली.

तेव्हा ती सहज बोलून गेली.

मग एकोणऐंशीचा ऑक्टोबर आला. सकाळी रेडिओवर सारखं एकच वाजत होतं. राष्ट्राध्यक्ष गेले. त्यांच्याच माणसानं, जेवणाच्या बैठकीत, गोळी घातली. त्या दिवशी बाया खाडीत उतरल्या, पण एकही बोलेना. वीस फळ्या चिखलावरून सरकतायत आणि आवाज फक्त चिखलाचा.

ओकबुननं आपली फळी जवळ आणली. "तुला तर आनंद व्हायला पाहिजे ना गं?"

"व्हायला पाहिजे."

"मग होतोय का?"

मालसुननं मुठीतली शिंपली पाटीत टाकली. "नाही गं. चिखलात पाय रुतल्यावर होतं तसं होतंय. इकडचा काढावा तर तिकडचा रुततो."

घरी आली तर भिंतीवर कॅलेंडर. शेतकरी संघ दरवर्षी फुकट वाटायचा ते, त्यावर तोच चेहरा, तेच बंद गळ्याचं बटण. क्युंगा जन्मल्यापासून दर नव्या वर्षी हा माणूस घरात आला होता. नवऱ्याला त्यानंच नेलं. त्याची बायको पण पाच वर्षांपूर्वी गोळीनंच गेली होती. मालसुन कॅलेंडर काढायला गेली, खिळ्यापर्यंत हात नेला, आणि तसाच परत आणला. का, ते तिला कळलं नाही.

दोन दिवसांनी कचेरीतला कारकून सॉक दारात. टोपी हातात, नाक लाल.

"क्युंगाच्या आई, जरा काम होतं."

"बोला भाऊसाहेब."

"कचेरीत साहेबांचा फोटो मांडलाय, फुलं ठेवलीत, उदबत्त्या आहेत. लोक येतात, उदबत्ती लावतात, वाकतात, जातात. एकाच्या डोळ्यात टिपूस नाही हो. मासळीबाजारात भाव विचारून परत फिरावं तसे!"

"मग तुम्ही रडा की."

"रडलो. वरचे साहेब म्हणाले, तुला सर्दी झाल्यासारखं वाटतंय."

मालसुनला हसू आलं, ते तिनं गिळलं. सॉक खाली बसला आणि आवाज खाली आणला. "उद्या अकराला राजधानीतून न्यूजरीलवाले येतायत. कॅमेरा घेऊन. आपल्या भागावर आधीच राग आहे वरच्यांचा, दक्षिणेकडच्या लोकांना दुःखच झालं नाही म्हणतात. तुम्ही फक्त सुरुवात करून द्या. टॉकीजमध्ये करता तशी. आणि हे बघा, प्योच्या फाइलीचं मी विसरलेलो नाही. शब्द टाकीन."

सॉक गेल्यावर ती ओकबुनकडे गेली. ओकबुन शिंपल्या धूत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जा. नवरा सुटत असेल तर मी डुकराच्या मढ्यावर रडेन."

"प्योला कळलं तर?"

"कळलं तर सांगायचं, धंदा केला. आजीनं केला तसा."

मालसुनला ते पटलं. पाहुणी म्हणून जायचं. ऑई करायचं. तीनदा, कोरडं, गळ्याच्या वरून. फसवणूक नाही, निष्ठा नाही, नुसतं काम. त्या विचारानं तिला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गर्दी. काळ्या फिती लावलेले साहेब भिंतीला टेकून, कॅमेरावाला शिडीवर, बाया मागे गठ्ठ्यानं. पुढे तो फोटो. मालसुननं उदबत्ती लावली. दोनदा वाकली. उठली. ओठ गोल केले.

आणि फोटोतल्या त्या बटणाकडे तिची नजर गेली. कॅलेंडरवरचंच बटण. तिच्या डोक्यात काय काय एकदम आलं, ते पुढे कितीदा आठवायला बसली तरी तिला ओळीनं लावता आलं नाही. प्योचा रिकामा वाडगा. क्युंगाचा पहिला वाढदिवस, मागे भिंतीवर हाच चेहरा. तुरुंगाच्या काचेपलीकडून प्यो म्हणाला होता, "इथं भात बरा असतो," तो खोटं बोलत होता हे तिला दिसत होतं. हा माणूस मेला. मग आता कुणावर रागवायचं? अठरा वर्षं भिंतीवर होता मेला, आणि आता नाही.

तोंड आऽ करून उघडलं. पोटातून आलं, "आयगो!"

तिनं मिटायचा प्रयत्न केला. मिटेना. "आयगो, आयगो," करत ती चटईवर बसली, मुठी आपटल्या, केस सुटले. आणि मागच्या बाया, दोन दिवस एक थेंब न काढलेल्या, सगळ्यांनी टाहो फोडला. शिडीवरचा कॅमेरावाला पडता पडता राहिला. सॉक तर खरंच रडायला लागला, सर्दीसारखं नाही.

बाहेर आल्यावर कुणी तिच्याकडे नीट बघेना. एक म्हातारी फक्त पुटपुटली, "आयगो केलं हिनं. घरच्यासारखं."

डिसेंबरच्या सुरुवातीला तो कायदाच उठला. असल्या गुन्ह्यात आत बसलेले सुटले, त्यात प्यो सुटला. सॉकच्या शब्दाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण सॉक गावभर सांगत फिरला, "मी शब्द टाकला होता."

मालसुन तुरुंगाच्या दारात ताज्या टोफूची वडी घेऊन उभी होती. सुटलेल्याला दारातच टोफू खायला घालतात, पुन्हा आत जायची पाळी येऊ नये म्हणून. प्यो निम्मा झालेला. दाढी पांढरी. वडी हातात घेतली, दोन घासांत संपवली.

"मीठ नाही," म्हणाला.

"टोफूला कधी मीठ असतं?"

"नसतं. पण आतून बाहेर आलं की वाटतं, असेल."

ती हसली. तोही हसला. बसमध्ये तिच्या खांद्यावर झोपला. तिला वाटलं, निभावलं.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी प्यो गुत्त्यात गेला. दारू प्यायला नाही, नुसता बसायला. परत आला तो चेहरा पाडून. ती कोळशाच्या चुलीवर रस्सा ढवळत होती.

"मालसुन."

नावानं हाक मारली म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. एरवी "अगं"वर भागायचं.

"लोक म्हणतात, तू रडलीस."

"मी नेहमीच रडते."

"चेष्टा नको. त्याच्यापुढे रडलीस. कॅमेऱ्यासमोर."

"सॉक आला होता. म्हणाला, तुमची फाइल..."

"ते कळलं. धंदा म्हणून रडलीस तर माझं काही नाही. आजीसारखं. ऑई केलंस की आयगो?"

ती रस्सा ढवळत राहिली.

"मी विचारतोय."

"आयगो."

प्यो भिंतीला टेकून खाली बसला. मग हळू म्हणाला, "आता मला सांग, मी काय धरू? खोटं रडली असशील, तर मी तुझ्या खोट्यावर सुटलो, असं गाव म्हणतंय. खरं रडली असशील, तर मी दीड वर्ष आत कशासाठी बसलो? आणि फसवून तर फसव, पण आयगो? आयगो घरच्याला असतं गं. माझ्या आईला मी केलं."

"तुम्ही कसं केलंत ते मी ऐकलंय," ती बोलून गेली, आणि जीभ चावली.

त्या दिवसापासून प्यो होड्यांच्या शेडमध्ये राहायला गेला. जेवण दारात ठेवलं की खायचा, वाडगा धुऊन परत ठेवायचा. बोलायचा नाही. बेटावर त्याचा थोरला भाऊ होता, त्याच्याकडे जायचं ठरवतोय, असं ओकबुनला कळलं. आणि त्याच आठवड्यात यॉमशेठनं बोर्ड लावला. नवा पिक्चर, दोन रुमाल घेऊन या. आधी न्यूजरील. असल्या लहान गावात न्यूजरील महिना उलटल्यावर पोचायची. ह्या वेळच्या डब्यात कचेरीतल्या त्या दिवसाची होती.

प्योनं शेडच्या दारातून सांगितलं, "बुधवारी येतो. डोळ्यांनी बघतो. लोक म्हणतात ते जर माझ्या डोळ्यांना पण तसंच दिसलं, तर तीनच्या बसनं जातो बंदरावर. पिशवी भरलीय."

"आणि नाही दिसलं तसं तर?"

"तेव्हाचं तेव्हा."

ओकबुननं त्यावर सोपा तोडगा काढला. "सांग ना त्याला, तुमच्यासाठीच रडले म्हणून. बायको आयगो नवऱ्यासाठीच करते. फोटो कुणाचा का असेना, मनात तुम्हीच होतात. संपलं! पिक्चरमध्ये शेवटी अस्संच असतं."

मालसुननं घरी आरशासमोर बोलून बघितलं. "अहो, मनात तुम्हीच होतात." पुन्हा बोलून बघितलं, मान खाली घालून. आपल्याकडच्या पिक्चरमध्ये ओठ एकीचे हलतात आणि आवाज मागून दुसरीच बाई देते, तसं वाटलं. खोटं होतं का? प्यो होता मनात, होताच. पण तो एकटा नव्हता ना. तो बटणवाला पण होता. मेल्याला तिथं कुणी बोलावलं होतं?

बुधवारी टॉकीज गच्च. बातमी पसरली होती, मालसुन पडद्यावर येणार. प्यो आला, हातात पिशवी. कधी टॉकीजची पायरी न चढलेला माणूस. खांबाशेजारच्या खुर्चीवर मालसुन, तिच्या शेजारी तो, मागच्या रांगेत ओकबुन. पिशवी त्यानं मांडीवर घेतली. टॉकीजला लागूनच बसस्टँड होता. ड्रायव्हर गाडी सोडण्याआधी तीनदा हॉर्न वाजवायचे, आणि तो नेमका नायिका मरताना वाजायचा. बायांना सवय होती.

आधी राष्ट्रगीत. सगळे उभे राहिले. प्यो बसलेलाच. दारात पोलिसपाटलासारखा एक माणूस उभा असायचा, तो मान उंच करून बघायला लागला. ओकबुन मागून दबक्या आवाजात म्हणाली, "उठा की भावजी. का खुर्चीला विचारायचंय आधी?"

आसपासच्या बाया फिसकन हसल्या. प्योचे ओठ पण हलले. उठला, पण अर्धाच. बूड खुर्चीपासून चार बोटं वर, पिशवी पोटाशी, असा वाकलेला राहिला, गीत संपेपर्यंत.

मग न्यूजरील. व्हायोलिन रडायला लागलं. निवेदकाचा जाड आवाज, "दूरच्या दक्षिण किनाऱ्यावरही अश्रूंचा महापूर..." आणि पडद्यावर मालसुन.

दाराएवढा चेहरा. केस सुटलेले, नाक वाहतंय. आवाज तिचा नव्हताच. सगळीकडे व्हायोलिन. पण तोंड दिसत होतं. आऽ करून उघडलेलं, आतला किडका दात दिसेपर्यंत. ओठ गोल नव्हते. ऑई नव्हतं. आंधळ्यालाही कळलं असतं.

आणि झालं असं की टॉकीज रडायला लागली. सवयच ती. तिसऱ्या रांगेतली नव्हे, पडद्यावरची मालसुन रडतेय ना, मग बास. रुमाल निघाले. ह्याच बाया त्या दिवशी तिथं होत्या, आता स्वतःचंच रडणं बघून पुन्हा रडत होत्या. कुणाचं, कशासाठी, विचारायची सोय नव्हती. मालसुन मात्र पडद्यावरच्या बाईकडे बघत राहिली. ही कोण? हिला एवढं काय झालंय? ती जर पिक्चरमधली असती तर मालसुनला लगेच कळलं असतं.

चेहरा गेला, दुसऱ्या गावची फुलं आली. प्यो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "आयगो."

"हो."

"कुणासाठी?"

मागून ओकबुनचा गुडघा तिच्या पाठीत बसला. सांग! एवढंच सांग! मालसुननं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, पाठ होतं.

"मला ठाऊक नाही हो," ती म्हणाली.

"ठाऊक नाही?"

"ऑई करायला उभी राहिले. तुम्ही होतात डोक्यात. क्युंगा होती. तुमचा वाडगा होता. पण तो पण होता, तो मेला पण. त्याचा राग येत होता, आणि तो मेलाय म्हणून वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय म्हणून परत राग. किडका दात पाडल्यावर जीभ तिथंच जाते ना सारखी, तसं काहीतरी. तुमच्यासाठी किती आणि त्याच्यासाठी किती, मला निवडून नाही देता येत. शिंपल्या निवडता येतात, हे नाही. जायचं असेल तर जा."

मागून ओकबुननं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

प्यो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसला. न्यूजरील संपत आली होती. पुढची बाई "शूः" म्हणाली. तो वाकून मालसुनच्या कानाशी बोलायला लागला.

"तो गेल्याचं आत आम्हाला दोन दिवसांनी कळलं. कोठडीत सगळे नाचले. एकानं मला मिठी मारली, म्हणाला, प्यो, उठला बघ तुझा साहेब खुर्चीवरून! मला हसू आलंच नाही."

"का?"

"काय माहीत. मी ठरवून ठेवलं होतं, बाहेर गेलो की त्याला एकदा तोंडावर सांगायचं. काय काय सांगायचं, ते सगळं पाठ केलं होतं. रोज रात्री त्यात एक-एक वाक्य घालायचो. चांगलं जमलं होतं गं. आणि हा मरून गेला. आता ते कुणाला सांगू?" थांबला. "त्या दिवशी मी जेवलो नाही. त्यांना वाटलं, आनंदानं."

मालसुननं त्याच्याकडे बघितलं. अंधारात फक्त नाक दिसत होतं.

पिक्चर सुरू झाला. तोच तो. गरीब आई, सहा वर्षांची पोर, श्रीमंताच्या घरी पोरीला ठेवून आई निघते. पोर मागोमाग बसस्टँडवर येते, तर तिला सांगते, "डोळे मीट, शंभर मोज, मी चणे घेऊन आले." पोर डोळे मिटते. आई दुसऱ्या बसमध्ये चढते. पोर मोजतेय. अकरा, बारा. आकडे चुकतात, पुन्हा पहिल्यापासून.

सगळी टॉकीज थांबली. रुमाल हातात, नाकं तयार. सगळ्या खांबाकडे कान लावून. यॉमशेठ दाराच्या पडद्यातून डोकं आत घालून बघतोय. मालसुननं पहिला हुंदका द्यायचा, ही वेळ होती.

तिला येईना. तिनं घसा आवळून बघितला. नाही. डोळे कोरडे ठणठणीत, घरी असायचे तसे. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पोर एकोणीसवर पोचली. बाया चुळबुळ करायला लागल्या.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. एकदा. तीनची बस.

शेजारी खुर्ची कुरकुरली. मालसुननं तिकडे बघितलं नाही. पिशवी उचलली असेल. दुसरा हॉर्न. पुन्हा तो कुरकुर आवाज, जरा मोठा. जुन्या होडीची फळी उचकटताना येतो तसा. खुर्चीचा नव्हता तो.

तिनं वळून बघितलं. प्यो पडद्याकडे बघत होता, तोंड वाकडं झालं होतं, आणि त्यातून ते येत होतं. ना ऑई, ना आयगो. कुठल्याच घरचं नाही. दाढीवरून पाणी पिशवीवर गळत होतं आणि तो पुसत पण नव्हता, जणू काय गळतंय हे त्याला माहीतच नाही.

तिसरा हॉर्न. आणि पहिल्या रांगेतून एक हुंदका, मग दुसरा, मग सगळी टॉकीज. यॉमशेठनं डोकं बाहेर काढलं. बस गेली, तिचा आवाज बायांच्या आवाजात बुडाला.

मालसुननं बाहीतला रुमाल काढून त्याच्या हातात दिला. त्यानं घेतला, आणि काय करायचं ते न कळल्यासारखा धरून बसला.

"ती परत येते का गं?" त्यानं विचारलं. "पोरीची आई?"

असले पिक्चर तिनं शेकड्यानं पाहिले होते. "येते. शेवटच्या रिळात येते, पण तोवर..."

"सांगू नकोस," प्यो म्हणाला, आणि पिशवी पायानं खुर्चीखाली ढकलली.